आवाज नंतर घालू

अण्णा, तुला जाऊन सव्वीस दिवस झाले आणि माझं तुझ्याशी भांडण अजून चालूच आहे. काल सकाळी तुझ्या रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहून मी चांगली पाच मिनिटं ओठ हलवत होते, हातवारे करत होते. दूधवाली दारात येऊन उभी राहिली तेही मला कळलं नाही. ती वैनीला म्हणाली, धाकट्या अम्मांना जरा सांभाळा, त्या भिंतीशी बोलायला लागल्यात, आणि तेही आवाज न काढता. वैनीने दुधाचं पातेलं पुढे केलं. तिला काय सांगणार, की या घरात गेली अकरा वर्षं हे असंच चाललंय.

तुझे कान गेल्यापासून सगळे तुझ्याशी ओरडून बोलायचे. औषधवाला ओरडायचा, भटजी ओरडायचे, वैनीसुद्धा सांबार वाढू का विचारायला असा आवाज लावायची की तंजावुरच्या राजवाड्याच्या गल्लीत आज कुणाकडे काय शिजलंय ते साऱ्यांना कळायचं. मी मात्र घसा कधी खर्च केला नाही. मी ओठ हलवायचे, तू वाचायचास. दारापुढच्या तिण्णईवर, ओट्यावर, बसून आपण तासन् तास भांडलो आणि शेजाऱ्यांना वाटलं, किती शांत भावंडं आहेत.

हे मी देवनागरीत लिहिते आहे, म्हणजे तू असतास तरी तुला वाचता आलं नसतं. तू आयुष्यभर आपली मराठी तमिळ अक्षरांत लिहिलीस. मला मात्र दर सुट्टीला मुंबईहून मराठी बालभारती, मासिकं, कादंबऱ्या आणून दिल्यास. घरात एकाला तरी ही अक्षरं यावीत म्हणायचास. माझी आजची ही पुस्तकी मराठी तुझ्या ट्रंकेतून आली आहे. शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवला, पण तुला पत्र लिहायचं तर मी तमिळ अक्षरांतच लिहायचे. आता तू वाचणारच नाहीस, तर निदान मला आवडेल त्या अक्षरांत लिहिते.

ओठांचा खेळ तूच शिकवलास. मुंबईजवळच्या समुद्रातल्या नोकरीवरून तू पहिल्यांदा सुट्टीवर आलास तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि तू एकवीसचा. आई आधीच गेलेली, घरात वडील, म्हणजे नाना, आणि मी. तुझा रंग करपला होता आणि हातांना कितीही साबण लावला तरी तेलाचा वास जात नव्हता. तू सांगितलंस, पाण्याच्या मधोमध लोखंडी पायांवर एक गाव उभं आहे. त्या गावाला रस्ता नाही, झाड नाही. दिवसरात्र जमिनीच्या पोटात पाइप उतरवायचे, काढायचे, पुन्हा उतरवायचे. यंत्रांचा आवाज असा की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथे सगळे ओठांनी बोलतात आणि हातांनी खुणा करतात. अंगठा वर म्हणजे उचल. हात आडवा, तळवा खाली, म्हणजे थांबव. पाइपाच्या टोळीतला एक मल्याळी आणि एक पंजाबी एकमेकांची भाषा न शिकताच एकमेकांचे ओठ वाचायला शिकले, हे सांगताना तुला कोण कौतुक होतं.

मग आपलं सुरू झालं. जेवताना नाना समोर असायचे. ते पापनाशमच्या तालुका कचेरीत कारकून होते, रोज आगगाडीने जायचे यायचे, आणि पानावर बसलं की कोणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. तू माझ्याकडे बघून आवाज न करता म्हणायचास, रसमात मीठ नाही. मला हसू फुटायचं आणि टपली मला मिळायची. एक बोलला की दुसऱ्याचं उत्तर येईपर्यंत भुवया उंचावून थांबायचं, असा तुझा नियम होता. समुद्रावर तसंच करतात, म्हणायचास. समोरच्याला पोचलं की नाही हे कळल्याशिवाय नजर हलवायची नाही. महिनाभरात मी इतकी तयार झाले की तू गल्लीच्या त्या टोकाला आणि मी आपल्या गच्चीवर असले तरी तू काय म्हणतोयस ते सांगायचे. दुसऱ्या कुणाचे ओठ मला कधीच वाचता आले नाहीत. तुझेच यायचे.

दुसऱ्या वर्षी तुमच्या त्या लोखंडी गावावर सिनेमावाले आले. सरकारी माहितीपट काढत होते, समुद्रातल्या तेलावर आणि ते काढणाऱ्या माणसांवर. तुझ्या पत्रात चार ओळी होत्या, की माझंही चित्र काढलंय, तंजावुरात लागेल तेव्हा बघा, पाप्पाला जरूर न्या. पाप्पा, म्हणजे तमिळमधली छोटी मुलगी, हे तुझं माझ्यासाठीचं नाव. पत्रं नाना उघडायचे, आधी गल्लीला वाचून दाखवायचे आणि मग आपल्या खिशात ठेवायचे. या पत्राचं तर त्यांनी आगगाडीच्या डब्यातही वाचन केलं. राजवाड्याभोवतीच्या मराठी घरांतला समुद्रात नोकरीला गेलेला पहिला मुलगा त्यांचा होता, आणि आता तो पडद्यावर दिसणार होता.

तेव्हा मोठ्या सिनेमाच्या आधी असे माहितीपट दाखवत. टॉकीजमध्ये पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. मी शेजारच्या काकींबरोबर बायकांत बसले. समुद्र दिसला, काळापांढरा. लोखंडी पाय दिसले. क्रेनला टांगलेल्या दोरांच्या टोपलीला बाहेरून लटकून सहा माणसं वर चालली होती आणि खाली नुसतं पाणी. मनोऱ्यावरची ज्योत दिसली. चिखलाने माखलेली, नुसते दात दिसणारी माणसं दिसली. आणि मग एकदम तू. लोखंडी टोपी, ती नवी मिशी. एक भारदस्त तमिळ आवाज म्हणाला, की समुद्र आमचा अन्नदाता आहे, देशासाठी घाम गाळताना मला इथे घरच्यासारखंच सुख आहे. पुरुषांच्या बाजूला गडबड झाली. नाना उभे राहिले होते. मागचे लोक बसा बसा म्हणून ओरडत होते आणि नाना उपरणं सावरत तसेच उभे. मला इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

घरी येताना नाना सारखे म्हणत होते, "ह्याचं तमिळ येवढं कधीं सुधारलं?" तो तुझा आवाज नाही, हे त्यांना शेवटपर्यंत कुणी पटवू शकलं नाही.

पुढच्या सुट्टीत तू आलास. मागीलदारी विहिरीवर पाय धूत होतास, मी पाणी ओतत होते. नाना आत होते. तू मान वर करून आवाज न करता सिनेमाचं विचारलंस, "पडम बगितलीस कीं?" मी म्हणाले, तीनदा. तू विचारलंस, नीट? मी म्हणाले, नीट, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तू म्हणालास, मग? मी म्हणाले, मग काय, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, नानांनी कचेरीत जिलबी वाटली. तू भुवया उंचावून बराच वेळ थांबलास. मला वाटलं, अजून कौतुक हवंय. मी आणखी जिलबीचंच सांगत बसले. मग तू नजर काढून घेतलीस, पायांवर उरलेलं पाणी ओतलंस आणि आत गेलास. त्या सुट्टीत आपण ओठांचा खेळ खेळलो नाही. मला वाटलं, तू मोठा झालास.

त्यानंतर तू समुद्रावर चौतीस वर्षं काढलीस. तुझ्यावर घर चाललं, माझं कॉलेज झालं, लग्न झालं. मी विधवा होऊन परत आले तेव्हा मागची खोली मला न विचारताच रंगवून ठेवली होतीस. हे सगळं मी कधी तोंडाने बोलले नाही. आवाज न करताही बोलले नाही. आपल्या घरात टोमणा लगेच देतात आणि आभार पुढच्या जन्मी.

आणि टोमणे मी पोटभर दिले. नाना गेले तेव्हा तू समुद्रावर होतास. वादळ होतं, हेलिकॉप्टर उडत नव्हतं. चुलतभावाने अग्नी दिला. तू चौथ्या दिवशी पोचलास आणि बूट काढत असतानाच मी तुला म्हणाले, की तुला त्या पाण्याइतकं आमच्यातलं कुणीच जवळचं नव्हतं. तू तेव्हा माझ्याकडे असं बघितलंस की मला रागच आला. त्या बघण्याचा अर्थ मी तेव्हा लावला तो असा, की ह्याला चूक कबूल करायची नाही. पुढे माझ्या लग्नात मुहूर्त टळून गेल्यावर पोचलास, तेव्हाही मी तेच बोलले. तू दोन्ही वेळा काही बोलला नाहीस. घरातल्या कुठल्याही समारंभाला तू नसलास की नाव समुद्राचं निघायचं आणि काढणारी मी असायचे.

तू स्वतः मात्र समुद्राचं फार बोलायचा नाहीस. बोललासच तर हसण्यावारी न्यायचास. कोणी पाहुणा आला की त्या माहितीपटाची गोष्ट ठरलेली. सिनेमावाला म्हणाला, इथल्या गोंगाटात तुझं काही ऐकू येणार नाही, आणि तू बोलतोस ती मराठी तर कुणाला मराठी वाटायची नाही. काय वाटेल ते बोल, नुसते ओठ हलले पाहिजेत, आवाज नंतर घालू. पाहुणा विचारायचा, मग काय बोललात? तू म्हणायचास, रसमाची कृती सांगितली. सगळे हसायचे. मीही हसायचे. हे सांगताना तू दर वेळी माझ्याकडे बघायचास, हे आता आठवतं.

निवृत्त होऊन आलास तो कान अर्धे ठेवूनच, आणि उरलेले इथे गेले. पण तुझी मजाही कमी नव्हती. तिरुवैयारुला आराधनेच्या गाण्यांना तू माझ्याबरोबर यायचास, ऐकू काही येत नसताना पहिल्या रांगेत बसायचास आणि गाणाऱ्यांची तोंडं वाचायचास. ही बाई साहित्य गिळते, गाण्याचे शब्द पुरे म्हणतच नाही, असं एकदा तू मोठ्याने म्हणालास. बहिऱ्याला आपला आवाज किती मोठा झालाय ते कळत नाही. ती बाई तानेत अडखळली. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं, आणि बसमध्ये आपण दोघं पोट दुखेपर्यंत हसलो.

मग गेल्या वर्षीचं ते भांडण. कॉलेजची पोरं आली होती, समुद्रातल्या तेलावर तुझं भाषण ठेवायला. तू नाही म्हणालास. ती गेल्यावर मी तिण्णईवर तुझ्यासमोर बसले आणि आपल्या पद्धतीने, आवाज न करता, तुला झोडलं. म्हणाले, चौतीस वर्षं आम्हा सगळ्यांना सोडून ज्याच्याशी संसार केलास त्याच्याबद्दल दोन शब्द बोलायला काय होतं? एकदा तरी कधी म्हणालास का, की मला घरी यायचंय?

तू बघतच राहिलास. मग मोठ्याने, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलंस, "पाप्पा, तूं तेव्हां ती पडम खरेंच बगितलीस कीं?"

मी वैतागून म्हणाले, आत्ता तिचं काय? तीनदा बघितली, कितीदा सांगू. तू हसायला लागलास. ते हसणं नव्हतं. तुझे खांदे हलत होते आणि चेहरा पडला होता. थोड्या वेळाने म्हणालास, ती पडम कुठे मिळते का बघ. मिळाली तर आपण दोघं बघू. आवाज बंद करून बघू. मी म्हटलं, तुझा आवाज बंदच आहे, माझा कशाला बंद करायचा? तू म्हणालास, कर म्हणतो तर कर.

तू माझ्याजवळ आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. ते मी कसं पुरं केलं ते आता लिहिते, कारण ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जुने सरकारी माहितीपट जिथे जपून ठेवतात तिथे मी पत्र पाठवलं. त्यांचं आठ दिवसांत उत्तर आलं, फार सौजन्याचं, की सोबतचा अर्ज भरून पाठवा, माहितीपटाचं नाव आठवत नसेल तर जेवढं आठवतं तेवढं लिहा. तो अर्ज माझ्या कपाटात पाच महिने पडून राहिला. लेकीचं बाळंतपण आलं, मग घराची कौलं काढायची झाली, मग लोणची. तू मध्ये दोनदा विचारलंस. मी दोनदा, पाठवलाय, म्हणाले. तिसऱ्यांदा तू विचारलं नाहीस. तुझ्या छातीत कफ झाला त्या आठवड्यात मी तो अर्ज भरला, तेही काहीतरी केल्याचं समाधान हवं होतं म्हणून.

इस्पितळात तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. आत वाफ धरलेली. तू मला बघितलंस आणि बोलायला लागलास. ओठ हलत होते एवढं कळत होतं, पण काय ते दिसत नव्हतं. आयुष्यभर मी एकाच माणसाचे ओठ वाचायला शिकले होते. मी नर्सला म्हणाले, क्षणभर काढा. ती म्हणाली, अम्मा, क्षणभरही नाही. तिचं बरोबरच होतं. मी तुला खूण केली, दिसत नाही. तू पुन्हा बोललास. वाफ पुन्हा वर आली. मग तू हात आडवा केलास, तळवा खाली. थांबव. कोणाला थांबवायला सांगत होतास, मला, नर्सला, की आणखी कशाला, ते मला कळलं नाही. मी तुझा हात धरून खाली ठेवला. दुपारी तू गेलास.

तुझ्या अस्थी आम्ही तिरुवैयारुच्या घाटावर कावेरीत सोडल्या. पाणी कमी होतं, भटजींना गुडघाभर पाण्यासाठी बरंच आत जावं लागलं. एरवी तू त्यावर काहीतरी बोलला असतास. तेराव्याला वैनीने तुझी आवडती, दह्यात उडदाचं पीठ कालवलेली डांगर पच्चडी केली, आणि पानं उठल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "ते म्हणायचे, ह्या घरांत पाप्पाला एकलीला माझं सगळं ठाऊक आहे. म्हणून ती कितीही बोलली तरी मी गप्प रहातों."

मला ते ऐकून बरं वाटलं, अण्णा. आज सांगायला लाज वाटते, पण वाटलं. मला वाटलं, ही मायेची पावती आहे.

सतराव्या दिवशी माहितीपट आला. ईमेलवर, एक लिंक. सोबत तिथल्या बाईंनी लिहिलं होतं, की तमिळ आवृत्ती सापडली नाही, हिंदी पाठवते आहे, उशिराबद्दल माफ करा. माफी त्यांनी मागावी, याचं मला हसू आलं. वैनी आणि मी लेकीच्या लॅपटॉपसमोर बसलो. समुद्र, लोखंडी पाय, टोपली, ज्योत. सगळं मला आठवत होतं तसंच होतं. मग तू आलास. वैनीने तुला पाहिलं ते तू एकोणतीस वर्षांचा असताना. बावीस वर्षांचा तू तिने कधी बघितला नव्हता. ती म्हणाली, "किती वाळलेले होते, कोणी जेवायाला घालत नव्हते कीं काय," आणि डोळे पुसत आत निघून गेली. हिंदी आवाज म्हणत होता, समुद्र आमचा अन्नदाता आहे.

मी मागे नेऊन पुन्हा लावलं, तुझी मिशी बघायला. आणि मग आठवलं तू काय म्हणाला होतास, म्हणून आवाज बंद केला.

त्या हिंदी आवाजाखाली तुझे ओठ मला वाचता येईनात, कारण कान एक सांगत होते आणि डोळे दुसरं. आवाज गेला आणि तू सरळ माझ्याशी बोलायला लागलास. कॅमेऱ्याच्या बरोब्बर मध्ये बघून, सावकाश, गच्चीवरच्या मुलीला कळावं तसे ओठ उघडून. पहिला शब्द पाप्पा.

"पाप्पा, मज इथें रहायाला होत नाहीं. परत येऊं कीं, नानांला विचार."

एवढंच. पत्रात लिहिलं असतंस तर नानांनी ते उघडलं असतं, आणि अर्धं वाचून झाल्यावर गल्लीसमोर त्यांचं तोंड कसं झालं असतं ते तुला ठाऊक होतं. सिनेमावाला म्हणाला, आवाज नंतर घालू, कोणाला काही ऐकू येणार नाही. मग जे कोणालाच ऐकवायचं नव्हतं ते तू सगळ्या देशासमोर मोकळेपणाने बोललास, कारण ते वाचणारी एकच मुलगी होती आणि ती तंजावुरात टॉकीजमध्ये बसणार होती. समोर असताना का सांगितलं नाहीस, हे मी विचारू शकत नाही. विहिरीवर मी पाणी ओतत होते तेव्हा तू उत्तर मागत होतास, आणि मी तुला जिलबी सांगितली. तू त्याचा काय अर्थ घेतलास? नानांना विचारलं आणि ते नाही म्हणाले, असा? की पाप्पाने वाचलं आणि विचारलंच नाही, असा? पंचेचाळीस वर्षं तू यातला कुठला तरी एक अर्थ उराशी धरून होतास आणि तरी माझ्यासाठी ट्रंकेतून पुस्तकं आणत राहिलास. मी तुला, पाणी जवळचं, म्हणाले तेव्हाही तू तेच धरून होतास.

आता खरं सांगते. मी तीनदा गेले होते, पण बघितलं एकदाही नाही. पहिल्यांदा तू पडद्यावर आलास आणि नाना उभे राहिले, तेव्हा मी नानांकडे बघत होते, तो आवाज संपेपर्यंत. दुसऱ्यांदा वर्गातल्या मुलींना घेऊन गेले आणि त्यांची तोंडं बघत बसले, त्या चकित होतात का म्हणून. तिसऱ्यांदा तिकिटाच्या रांगेतच वेळ गेला, आत पोचलो तोवर माहितीपट संपून मोठा सिनेमा सुरू झाला होता. तीन म्हणायला बरं वाटायचं म्हणून मी तीन म्हणाले.

विचारलं असतं तर नाना काय म्हणाले असते? मला खरोखर माहीत नाही. कधी वाटतं, ये म्हणाले असते, कडक होते पण दगड नव्हते. कधी वाटतं, जिलबी वाटून झाली होती. ज्याला विचारायचं तो गेला, ज्याने विचारलं तो गेला, आणि निरोप माझ्या हातात आत्ता आला आहे. मी वैनीला अजून सांगितलेलं नाही. तिला सांगून काय होणार? आणि न सांगून तरी काय होणार?

तू बोलून संपवतोस आणि नजर हलवत नाहीस. भुवया उंचावून थांबतोस, नियमाप्रमाणे, पलीकडे पोचलं की नाही ते कळेपर्यंत. जेमतेम एक श्वास घेण्याइतका वेळ. मग सिनेमावाला ज्योत दाखवतो.

त्या एका श्वासात उत्तर द्यायचं असतं. गेले नऊ दिवस मी देते आहे. लॅपटॉप मांडीवर घेते, आवाज बंद करते, तू थांबलास की म्हणते, ये अण्णा, मी सांगते नानांना, तू ये. एवढं लांब वाक्य त्यात बसत नाही. 'सांगते'पर्यंत येते तोवर ज्योत आलेली असते. म्हणून आज मी ते कमी केलं. नुसतं, ये. तेवढं बसतं. तुझ्या भुवया उंचावलेल्या असतात, मी म्हणते, ये, आणि तू तसाच बघत राहतोस.